श्वासनलिकेच्या पेशींवर पॉलिफेनॉल्स तपासताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हा विषय बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो: पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली फिनॉलयुक्त संयुगे) असलेला अर्क काढा, पेशींवर टाका, दाह कमी होतो का ते पाहा. इंटरल्युकिन-८ चा, म्हणजे दाह झाल्यावर पेशी सोडतात त्या संकेत-प्रथिनाचा, आकडा खाली आणणे फारसे अवघड नाही. तो दाह उतरल्यामुळे खाली आला, पेशी मेल्यामुळे की तुमच्या अर्काने चाचणीतच ढवळाढवळ केल्यामुळे, हे सिद्ध करणे अवघड आहे. त्याची तयारी पहिल्या प्लेटपासूनच (वेल्स म्हणजे पेशी वाढवायचे खळगे असलेली तबकडी) हवी.

आधी पेशी. ए५४९ ही पेशीमालिका पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळते आणि १० टक्के सीरमवर (पेशी आणि गुठळी काढलेल्या रक्तद्रवावर) निमूट वाढते, म्हणून बहुतेक जण तीच घेतात. पण ती फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेली, वायुकोशाच्या पेशींसारखी वागणारी पेशी आहे. तिच्यावरचे निष्कर्ष ‘श्वासनलिका’ या शीर्षकाखाली छापू नयेत. श्वासनलिकेसाठी बीईएएस-२बी (श्वासनलिकेच्या अस्तराची पेशीमालिका) जास्त योग्य. तिला मात्र सीरम चालत नाही. सीरम मिळाले की ती पसरट होते आणि वेगळ्या वळणाला लागते. म्हणून पेशी तळापासून सोडवणारे ट्रिप्सिन थांबवायला सीरमऐवजी सोयाबीनचा ट्रिप्सिन-रोधक वापरावा, आणि फ्लास्कचा तळ पेशींनी ८० टक्के भरला की पुढचा पॅसेज करावा (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटाव्यात).

दाह पेटवायला हाताशी असलेले एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन) टाकायचा मोह होतो. ए५४९ च्या पृष्ठभागावर एलपीएस ओळखणारा टीएलआर-४ ग्राहक फारच कमी असल्याने प्रतिसाद क्षीण येतो. त्यापेक्षा टीएनएफ-अल्फा (दाह पेटवणारे प्रथिन; पुढे नुसते टीएनएफ), मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम, भरवशाचे.

स्टॉक (साठवणीचे घट्ट द्रावण) करताना बाटलीवरचा रेणुभार वाचा. क्वेरसेटिन या पॉलिफेनॉलच्या निर्जल रूपाचा ३०२.२४, डायहायड्रेटचा ३३८.२७. म्हणजे १० मिलिमोलर स्टॉकसाठी १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात पहिल्याचे ३.०२ मिलिग्रॅम, दुसऱ्याचे ३.३८. यातून १ मायक्रोलिटर १ मिलिलिटर मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) टाकला की १० मायक्रोमोलर मिळते आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. सगळ्या वेल्समध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, डीएमएसओ तेवढाच हवा. स्टॉक लहान भागांत वाटून, प्रकाशापासून झाकून उणे २० अंशांवर ठेवावा.

२४ वेल्सच्या प्लेटमध्ये वेलला ५० हजार ते १ लाख ए५४९ पेशी, अर्धा मिलिलिटर मीडिया. दुसऱ्या दिवशी सीरम १ टक्क्यावर आणून रात्रभर ठेवा. मग पॉलिफेनॉल, तासाभराने टीएनएफ. आयकप्पाबी-अल्फा (दाहाचा संकेत रोखणारे, टीएनएफ दिल्यावर नष्ट होणारे प्रथिन) पाहायचे तर १५ ते ३० मिनिटांत पेशी फोडाव्या लागतात, कारण तासाभरात ते पुन्हा तयार होऊ लागते. आरएनए साधारण ४ तासांनी, एलायझासाठी (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीसाठी) पेशींवरचे द्रव २४ तासांनी. टीएनएफ दिलेल्या वेलचे द्रव किमान १:१० पातळ करा, नाहीतर रीडिंग मानक वक्राच्या वर निघून जाते आणि अर्काचा परिणाम दिसतच नाही.

आता खरे खड्डे. पेशी जिवंत आहेत हे दाखवायला सगळे एमटीटी (जिवंत पेशी जांभळे करतात असे पिवळे रंगद्रव्य) वापरतात, पण क्वेरसेटिन, ईजीसीजी (चहातले कॅटेचिन) यांसारखी संयुगे पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करतात. मेलेली वेलही मग जिवंत दिसते. एमटीटी टाकण्याआधी पीबीएस या क्षारयुक्त बफरने दोनदा धुवा, पेशी नसलेली वेल त्याच अर्कासह ठेवा, आणि एलडीएचसारखी (फुटलेल्या पेशींतून गळणारे विकर मोजणारी) दुसरी चाचणी जोडीला करा.

ईजीसीजी मीडियात स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. पेशींवरचा परिणाम चहाच्या कॅटेचिनचा की पेरॉक्साइडचा हे कळण्यासाठी काही वेल्समध्ये पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज हे विकर घालावे. परिणाम नाहीसा झाला तर उत्तर मिळाले. हळदीतल्या कर्क्युमिनची अडचण वेगळी: सीरम नसलेल्या, उदासीन पीएचच्या द्रावणात ३७ अंशांवर अर्ध्या तासातच त्याचा बहुतांश भाग विघटित होतो. २४ तासांच्या प्रयोगात तुम्ही नेमके काय तपासता आहात, हा प्रश्न तिथे टाळता येत नाही.

हिरड्या-बेहड्याच्या अर्कातले टॅनिन प्रथिनांना चिकटते. ते टीएनएफला बांधू शकते, वरच्या द्रवातल्या इंटरल्युकिन-८ लाही झाकू शकते. दोन उपाय आहेत. काही वेल्समध्ये टीएनएफपूर्वी अर्क धुऊन काढायचा. आणि अर्क मिसळलेल्या मीडियात ठाऊक प्रमाणात इंटरल्युकिन-८ घालून एलायझात ते किती परत मिळते ते पाहायचे. कच्च्या अर्कात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन असण्याचीही शक्यता असते, म्हणून एलएएल चाचणी करून घ्यावी.

अडुळसा घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. त्यातले वासिसिन हे अल्कलॉइड आहे, पॉलिफेनॉल नव्हे. एकूण पॉलिफेनॉल मोजायच्या फोलिन-सिओकॅल्टो चाचणीचा आकडा चांगला आला म्हणून परिणामाचे श्रेय पॉलिफेनॉलला देता येत नाही. शिवाय तो अभिकारक क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देतो.

मात्रा ठरवताना १०० मायक्रोमोलरच्या मागे धावू नका. क्वेरसेटिन खाल्ल्यावर रक्तात ते मुख्यतः ग्लुक्युरोनाइड आणि सल्फेट रूपात, तेही सहसा काही मायक्रोमोलरच्या आतच सापडते. १ ते २० मायक्रोमोलरमध्ये चार-पाच मात्रा घ्या आणि शेजारी १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन (दाह उतरवणारे स्टेरॉइड) ठेवा. तेही आकडा खाली आणत नसेल तर त्या प्लेटवरच्या अर्काच्या आकड्यांना अर्थ नाही. एका प्लेटवरच्या तीन वेल्स म्हणजे एकच प्रयोग; n=३ लिहायचे तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर, टीएनएफ ताजे पातळ करून तो तीनदा झालेला असला पाहिजे.