पूर्व आघाडी वाचायची तर आधी नद्या काढा

दुसऱ्या महायुद्धातली पूर्व आघाडी, म्हणजे जर्मनी विरुद्ध सोव्हिएत संघ, वाचायला घेणारे बरेच जण रणगाड्यांपासून सुरुवात करतात आणि तुकड्यांच्या क्रमांकांतच अडकतात. माझं ऐकाल तर पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि कोरा नकाशा घ्या.

निळ्या पेन्सिलीने बेरेझिना, नीपर, डॉन आणि व्होल्गा काढा. शेवटच्या तिघींचा पश्चिम काठ बहुतेक ठिकाणी उंच आहे, पूर्वेकडचा सखल. ही नोंद तिथेच करा, कारण पुढे तिचा पदोपदी उपयोग होतो. १९४३ मध्ये नीपर ओलांडताना लाल सेनेचे (सोव्हिएत) सैनिक सखल काठावरून होड्या-तराफ्यांनी निघाले, तेव्हा समोरच्या उंचीवर जर्मन होते. स्टालिनग्राड व्होल्गाच्या पश्चिम काठावर. सोव्हिएत सेनापती चुइकोव्हच्या ६२व्या आर्मीच्या पाठीशी थेट व्होल्गा, तिच्या जड तोफा पलीकडच्या काठावर. माणसं आणि दारूगोळा यायचा तो बहुधा रात्री, माऱ्यातून वाट काढत.

आता लाल पेन्सिलीने रेल्वे. दोन रूळांमधलं अंतर सोव्हिएत रेल्वेत १५२४ मिलिमीटर, जर्मन रेल्वेत १४३५. जर्मन गाड्यांसाठी रूळ आत सरकवता येत होते, पण तोवर चालवायला सोव्हिएत गाड्याही फारशा हाती नव्हत्या: माघार घेताना सोव्हिएतांनी इंजिनं आणि डबे शक्य तितके मागे नेले होते. २२ जून १९४१ ला, हल्ल्याच्या पहिल्या दिवशी, निघालेला जर्मनांचा मध्य सैन्यगट जुलैअखेर स्मोलेन्स्कच्या पुढे थबकला, तो सोव्हिएत प्रतिहल्ल्यांमुळे आणि रसद मागे पडल्यामुळे. तेव्हा भर उन्हाळा होता. सगळा दोष थंडीला देणारं पुस्तक हातात आलं की ही तारीख आठवा. युद्धानंतर जर्मन सेनापतींची बाजू पश्चिमेत लवकर पोचली. जर्मन लष्कराचा माजी प्रमुख नियोजक हाल्डर तर अमेरिकी लष्करासाठी इतिहासलेखनाचं काम बघत होता. म्हणून १९९१ नंतर सोव्हिएत दप्तरं पाहून लिहिलेलं एक तरी पुस्तक सोबत ठेवाच.

मग एकच महिना निवडा. मी नोव्हेंबर १९४२ सुचवेन. डॉनच्या दक्षिण काठावर सेराफिमोविच आणि क्लेत्स्कायापाशी सोव्हिएतांनी राखलेले तळ दाखवा, समोर जर्मनीच्या बाजूने लढणारी तिसरी रुमानियन आर्मी. १९ तारखेला तिथून हल्ला, २० ला स्टालिनग्राडच्या दक्षिणेकडून दुसरा, २३ ला दोन्ही फळ्या कलाचजवळ मिळाल्या. जर्मन सेनापती पाउलुसची सहावी आर्मी कोंडली गेली. हे बाण स्वतःच्या हाताने काढा. छापील नकाशात नुसतं बघून ते डोक्यात बसत नाहीत.

जुनी नावं जपून वाचा: कालिनिन म्हणजे आजचं त्वेर, स्टालिनग्राड म्हणजे व्होल्गोग्राड.

नकाशावर कीवच्या १९४१च्या वेढ्याशेजारी बाबी यार (तिथली एक घळ) लिहायला विसरू नका. शहर जर्मनांच्या हाती पडल्यावर त्यांनी २९-३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत तिथे ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. सैन्याच्या हालचाली आणि ही कत्तल वेगवेगळ्या वह्यांत ठेवली तर हे युद्ध कळतच नाही. सुमारे २ कोटी ७० लाख सोव्हिएत माणसं गेली, त्यात नागरिक किती तरी होते.

स्टालिनग्राड झालं की लगेच कुर्स्ककडे (१९४३ची मोठी रणगाडा-लढाई) धावू नका. जून १९४४ चं बेलारूस घ्या. सोव्हिएतांच्या ‘बाग्रातियोन’ मोहिमेत ३ जुलैला मिन्स्क मुक्त झालं आणि जर्मन मध्य सैन्यगट अक्षरशः कोसळला. बेरेझिना आता उलट्या दिशेने, पूर्वेकडून ओलांडायची आहे; तीच निळी रेघ वापरा.