चेरुबिझम असलेल्या मुलाचे दात कसे सांभाळावेत

चेरुबिझम या आजारात जबड्याच्या हाडात मऊ, तंतुमय, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ वाढते. साधारण 2 ते 7 वर्षांच्या वयात दोन्ही गाल फुगू लागतात, वयात येईपर्यंत सूज वाढते आणि पुढे बहुधा आपोआप ओसरते. दातांचे उपचार ठरवताना हे वेळापत्रक कायम डोळ्यांसमोर ठेवा.

आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. त्यात दात हाडाऐवजी पोकळीत तरंगताना दिसतात. कायमच्या दातांचे अंकुर एकेक करून मोजून घ्या: खालची दुसरी आणि तिसरी दाढ अनेकदा तयारच झालेली नसते. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड हार्मोनही तपासा, कारण हायपरपॅराथायरॉइडिझमच्या, म्हणजे हे हार्मोन जास्त झाल्याने होणाऱ्या, गाठी एक्स-रेत आणि बायोप्सीतही (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतही) अशाच दिसू शकतात.

मुळे झिजल्यामुळे दुधाचे दात लवकर हलतात. ते घरी ओढून काढू नका. रक्तस्राव आटोक्यात येणे अवघड जाऊ शकते. कोणता दात कधी पडला याची नोंद ठेवा. एरवी दात लवकर पडला की जागा राखणारी पट्टी बसवतात. इथे खाली कायमचा दात आहे का, तो नीट दिशेने आहे का, हे पाहूनच ठरवावे लागते.

वेड्यावाकड्या दातांत अन्न अडकते. दिवसातून दोनदा, मऊ आणि लहान डोक्याचा ब्रश वापरा. आत वळलेल्या दातासाठी तो उभा धरून टोकाने घासा. 3 ते 6 वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट पुरते. सूज सहसा दुखत नाही. दुखली, तर आजारावर ढकलून मोकळे होऊ नका, किडलेला दात शोधा.

घाई सर्वांत जास्त होते ती तारा लावण्याची. मऊ, बदलत्या हाडात सरकवलेले दात टिकून राहत नाहीत, म्हणून सूज स्थिरावेपर्यंत शक्यतो थांबावे. न आलेला दातही उकरून काढू नये. हाड भरत आल्यावर काही दात उशिरा येतात. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, मुलाची वाढ थांबल्यावरच. तोवर काढता-घालता येणारी अर्धी कवळी चालते, पण जबड्याचा आकार बदलला की ती टोचते आणि पुन्हा बसवून घ्यावी लागते.

टाळू अरुंद होऊन जीभ मागे ढकलली गेली, तर गिळणे आणि बोलणे अडते. झोपेत श्वास अडकत असेल किंवा दिसायला त्रास होत असेल, तर दातांचे राहू द्या, आधी शस्त्रक्रियातज्ज्ञांना दाखवा. रेडिएशन मात्र कुणी सुचवले तरी नको.

आजार बहुधा एसएच3बीपी2 या जनुकातील बदलामुळे होतो. आई किंवा वडिलांमध्ये तो बदल असेल, तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता 50 टक्के असते; भावंडांचे जबडेही तपासून घ्या.