मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनचं थ्रॉटल सेट करायचंय? नीडलला हात लावायच्या आधी लिंकेज बघा

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं इंजिन आयडलला (म्हणजे सगळ्यात हळू चालताना) टिकत नाही किंवा स्टिक वर ढकलली की फुस्स करून बंद पडतं, असं झालं की बहुतेक जण थेट नीडल, म्हणजे कार्बोरेटरमध्ये इंधन कमीजास्त करणारा स्क्रू, पिळायला घेतात. पण बऱ्याचदा गडबड नीडलची नसतेच, सर्वो (स्टिकप्रमाणे फिरणारी छोटी मोटर) कार्बोरेटर पूर्ण उघडतच नसतो किंवा पूर्ण बंद करत नसतो, आणि त्यावर कितीही ट्यूनिंग केलं तरी फुकट. खाली लिहिलंय ते ट्रेनरवर (शिकाऊ विमानावर) नेहमी असतं तसं ०.४६ साइजचं, म्हणजे साधारण ७.५ सीसीचं टू स्ट्रोक ग्लो इंजिन आणि दोन नीडलवाला (फुल थ्रॉटलसाठी हाय, आयडलसाठी लो) कार्ब, म्हणजे कार्बोरेटर, धरून लिहिलंय.

आधी इंजिन बंद असताना. क्लेव्हिस (सर्वोपासून कार्बपर्यंत जाणाऱ्या सळईच्या, म्हणजे पुशरॉडच्या, टोकाची चिमट्यासारखी कडी) कार्बच्या आर्मवरून काढून ठेवा, ट्रान्समीटर चालू करा, मग रिसीव्हर. थ्रॉटल स्टिक मधोमध, ट्रिम (स्टिकशेजारची बारीक जुळणीची कळ) मधोमध, आणि सर्वोचा हॉर्न (त्यावर बसणारा हात) पुशरॉडला काटकोनात येईल असा बसवा. आता कार्बचा बॅरल (हवेचं भोक उघडबंद करणारा आतला फिरता भाग) हाताने अर्धा उघडा आणि त्या जागी क्लेव्हिस जोडा, लांबी कमीजास्त लागली तर क्लेव्हिस फिरवून जुळवा. स्टिक वर केल्यावर बॅरल बंद व्हायला लागला तर रेडिओत सर्वो रिव्हर्स करा.

मग स्टिक पूर्ण वर. कार्बच्या तोंडातून आत बघा, बॅरलची कड दिसता कामा नये, भोक पूर्ण मोकळं हवं. त्याच वेळी सर्वोकडे कान द्या. घूं घूं आवाज येत राहिला म्हणजे बॅरल शेवटाला टेकलाय आणि सर्वो अजून ढकलतोय, याने बॅटरी पण खाल्ली जाते आणि एक दिवस गिअर पण जातात. एंड पॉइंट (सर्वो किती फिरेल याची रेडिओतली मर्यादा) थोडा कमी करा. पण एंड पॉइंट फारच खाली, समजा पन्नाससाठ टक्क्यांवर आणावा लागला तर रेडिओने जुगाड करू नका, पुशरॉड सर्वो हॉर्नच्या आतल्या भोकात घ्या म्हणजे सर्वोचा पूर्ण प्रवास कामाला येतो आणि स्टिकवर कंट्रोल बारीक मिळतो.

खालची बाजू अशी ठेवा की स्टिक खाली आणि ट्रिम मधोमध असताना बॅरल साधारण एक मिलिमीटर उघडा राहील, आणि ट्रिम पूर्ण खाली घेतला (किंवा थ्रॉटल कटचं बटण दाबलं) की भोक पूर्ण बंद होईल. कार्बला आयडल स्टॉप स्क्रू असेल आणि तो बॅरलला पूर्ण बंद होऊ देत नसेल तर तो मागे घ्या. इंजिन हवं तेव्हा बंद करता आलंच पाहिजे, यात तडजोड नाही. जाताजाता फेलसेफ (सिग्नल तुटला तर सर्वो जाईल ती जागा) पण बघून घ्या, ट्रान्समीटर बंद केला की बॅरल आयडलला किंवा बंद व्हायला हवा.

आता इंजिन चालू. विमान कोणीतरी मागून घट्ट धरलेलं हवं, आणि सुरू झालं की तुम्ही प्रॉपच्या मागे जायचं, ग्लो इग्नायटर (सुरू करताना ग्लो प्लग तापवणारी बॅटरीची क्लिप) पण मागूनच काढायचा. प्रॉपच्या रेषेत बाजूला कोणी उभं राहायचं नाही, लोंबणाऱ्या बाह्या नकोत. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही हेही डोक्यात असू द्या.

आधी हाय स्पीड नीडल, लो नंतर, क्रम उलटा केला तर दोनदा काम. फुल थ्रॉटलला हाय नीडल हळूहळू आत (म्हणजे इंधन कमी करत) फिरवत आरपीएम सगळ्यात वर जिथे जातो ती जागा शोधा, आणि मग २०० ते ४०० आरपीएम पडेपर्यंत बाहेर घ्या. टॅकोमीटर नसेल तर कानावर, एग्झॉस्टला धुराची बारीक रेघ दिसायला हवी. धूर अजिबात नाही म्हणजे लीन (इंधन कमी, हवा जास्त) चाललंय, तेल कमी जातंय, इंजिनचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही. मग विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करा. आवाज तसाच राहिला किंवा जरासा चढला तर बरोबर, बसायला लागला तर नीडल एकदोन क्लिक (फिरवताना जाणवणाऱ्या खाचा) बाहेर. हे भरलेल्या टाकीवर करा, कारण टाकी रिकामी होत जाते तसं मिश्रण आपोआप लीन होतं.

आता आयडल. साधारण २००० ते २५०० आरपीएमवर थोडं चालू द्या आणि कार्बला जाणारी फ्युएल लाइन बोटांनी चिमटा. दोनतीन सेकंदांत आरपीएम थोडा वाढून इंजिन बंद पडलं तर लो नीडल ठीक आहे. न वाढता लगेच मेलं तर लीन, नीडल बाहेर. बराच वेळ चालत राहिलं आणि आरपीएम खूपच चढला तर रिच (इंधन जास्त), नीडल आत. एका वेळी फक्त १/८ फेरा, त्याहून जास्त नाही, घाई इथेच नडते. मग स्टिक झटकन वर करून बघा: गुरगुर करून, धूर ओकून मग उचलतंय तर रिच, आवाज न करता पटकन मरतंय तर लीन. लो नीडल हलवली की आयडलचा आरपीएम बदलतो म्हणून ट्रिम परत बघावा लागतो, आणि शेवटी हाय नीडल पण एकदा.

एक अपवाद आहे. कार्बच्या पुढच्या बाजूला छोटं भोक आणि त्यात स्क्रू असेल तर तो एअर ब्लीड कार्ब, तिथे लो नीडलऐवजी हा स्क्रू असतो आणि त्याची दिशा उलटी, स्क्रू आत घेतला की हवा कमी होते म्हणजे मिश्रण रिच होतं.

सगळं करूनही आयडल डगमगत असेल तर नवा ग्लो प्लग लावा, तो स्वस्त असतो. इग्नायटर काढल्याबरोबर आरपीएम धाडकन पडतो तेव्हा बहुतेक प्लगच गेलेला असतो किंवा लो रिच असते. फ्युएल लाइनमध्ये बुडबुडे दिसले तर टाकीच्या आतली नळी किंवा टाकीभोवतीचा फोम बघा, बुडबुड्यांवर ट्यूनिंग होतच नाही.

जानेवारीच्या थंड सकाळी सेट केलेलं इंजिन मे महिन्याच्या दुपारी रिच वाटेल कारण गरम हवा विरळ असते, तेव्हा हाय नीडल एकदोन क्लिक आत लागेल. उलट थंडी आली की बाहेर घ्यायला विसरू नका. उडवून झालं की लाइन काढून आतलं फ्युएल जळेपर्यंत चालवा आणि कार्बमध्ये आफ्टर रन ऑइलचे थोडे थेंब टाकून प्रॉप हाताने फिरवा, मिथेनॉल पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात.