दिवाळीत पुण्याच्या हॉस्टेलवर एकट्याने राहायचं तर

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या बघता बघता भरतात. तत्काळ हुकलं, ट्रॅव्हल्सचे दर परवडेनात, किंवा सुट्टीला लागूनच सबमिशन आलं, की नांदेड-गडचिरोलीच्या मुलांची दिवाळी पुण्यातच होते. मग सल्ले सुरू होतात: वेब सिरीज बघ, स्वतःला वेळ दे. पाडव्याच्या दुपारी जेवण शोधत गल्लीबोळ हिंडलेला माणूस असले सल्ले देत नाही. अडचण जेवणाची असते. ती सुटली की बाकीचं निभतं.

वसुबारसेच्या आधी रेक्टरकडे थांबणाऱ्यांच्या यादीत नाव घाला. रात्री वॉचमन कोण असेल ते विचारून त्याचा नंबर घ्या.

मेसच्या काकूंना बंद आणि सुरू व्हायचा वार विचारा. 'भाऊबीज झाली की उघडू' यावर विसंबू नका. त्यांच्याकडची मदतनीस मंडळीही गावी गेलेली असतात, म्हणून दोन दिवस पुढे-मागे होतातच. कार्डावर खाडे त्याच वेळी लिहून घ्या.

घरून फराळ येणार असेल तर धनत्रयोदशीच्या निदान आठ दिवस आधी निघू द्या. करंज्या सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्याच हव्यात, ओल्या नारळाच्या वाटेतच आंबतात. चकल्यांच्या डब्यातल्या मोकळ्या जागा चुरमुऱ्यांनी भरायला सांगा, म्हणजे तुकडे होणार नाहीत. त्याच पार्सलमध्ये दोन गोष्टी मागवा: फोडणीत खमंग भाजलेला बारीक रवा आणि छोट्या बाटलीत कोरडी फोडणी, म्हणजे तेल, मोहरी, हिंग, हळद, सुकी मिरची. ओला कढीपत्ता नको.

आता मुख्य भाग. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपासून भाऊबीजेच्या रात्रीपर्यंत साधारण पाच जेवणं आपली आपण भागवायची. मध्ये भाकड दिवस आला तर सात. तेव्हा आधी कॅलेंडर बघा. लक्ष्मीपूजनाला सहानंतर ऑर्डर आणणारी मुलंही कमीच असतात, त्यामुळे अॅपच्या भरवशावर उपाशी बसू नका. स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपास काही ना काही चालू सापडतं, पण बसही कमी धावतात. एक जेवण तिकडे करा, रोज नको.

हॉस्टेलवर कॉइल आणि इंडक्शन बहुधा चालत नाही, किटली चालते. आणि इथेच सगळे चुकतात: किटलीत भात, मॅगी, डाळ शिजवतात. किटली बंद होते ती वाफेमुळे. झाकण उघडं ठेवलं तर वाफ स्विचपर्यंत पोचत नाही आणि ती उकळतच राहते. झाकण लावलं तर भाताचा फेस वर येऊन तोटीतून उतू जातो, खाली बैठकीत शिरतो आणि मजल्याचा फ्यूज उडतो. सुट्टीत इलेक्ट्रिशियन मिळत नाही. किटलीत फक्त पाणी, एवढं पाळा. शिजवणं बाहेर, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.

उपम्यासाठी डबा आधी उकळत्या पाण्याने विसळून गरम करा, नाहीतर काही उष्णता डबाच खातो. एक वाटी भाजलेला रवा, मीठ, चिमूटभर साखर. दोन वाट्या खळखळ उकळतं पाणी थोडं थोडं ओतत ढवळा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. झाकण घट्ट लावून डबा टॉवेलात गुंडाळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. जाड रवा असा शिजत नाही, मध्ये कच्चा राहतो.

दडपे पोह्यांना विस्तवच लागत नाही. दोन वाट्या पातळ पोहे, एक बारीक चिरलेला कांदा, अर्धी वाटी ओलं खोबरं, अर्धं लिंबू, मीठ, साखर, पाव वाटी नारळाचं पाणी. कालवून वर ताटली दडपून पंधरा मिनिटं ठेवा, मग बाटलीतली फोडणी. पोहे धुवायचे नाहीत, लगदा होतो. जाड पोहे मात्र धुवूनच घ्यायचे. सोबत भाजके शेंगदाणे, फुटाणे, केळी, काकडी आणि मोड आलेले मूग ठेवा. नुसत्या फराळावर दोन दिवस काढले तर तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं.

नरकचतुर्दशीला गीझर बंद असेल तर १५ लिटरच्या बादलीत १२ लिटर गार पाणी आधी भरा, मग त्यात किटलीने दोनदा तापवलेलं मिळून ३ लिटर उकळतं पाणी ओता. अंघोळीपुरतं कोमट होतं. उटणं आणि मोती साबण कुठल्याही वाण्याकडे मिळतो.

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम पाच-साडेपाचलाच सुरू होतात. पास लागतो का ते आदल्या दिवशी बघा. दुपारी सोसायट्यांमधले मुलांचे किल्ले बघत फिरा. मुलं अगदी आवर्जून माहिती देतात.

घरी फोन पूजेच्या वेळी करू नका. तेव्हा फोन हातोहात फिरतो आणि कुणीच धड बोलत नाही. दुपारी चारच्या सुमारास करा. मित्राने घरी बोलावलं तर पाडव्याचं जेवण स्वीकारा, म्हणजे सर्वांत अवघड दुपार टळते.

मेस उघडली की पहिल्या दिवशी बहुधा पिठलं-भातच असतो. जेवायच्या आधी कार्ड दाखवून खाड्यांइतके दिवस पुढे वाढवून घ्या. महिनाअखेरीस ते कुणाच्या लक्षात राहत नाही.