पोट अचानक बिघडलं तर कोणी काय करायचं

उलट्या-जुलाब सुरू झाले की धडधाकट माणूसही काही तासांत गळून जातो. किती पाणी प्यायलो, शेवटची लघवी कधी झाली, हे त्याला धड सांगता येत नाही. म्हणून कामाची वाटणी सुरुवातीलाच करून टाकावी. आजाऱ्याने पडून राहायचं आणि घोट घ्यायचे. मोजणं, लिहून ठेवणं आणि ‘आता दवाखान्यात’ हे ठरवणं सोबतच्या माणसाकडे. बहुतेक वेळा हे दुखणं एक ते तीन दिवसांत आपोआप ओसरतं. तोवर खरी भीती असते ती अंगातलं पाणी आणि क्षार निघून जाण्याची.

एकटे राहत असाल तर अंगात त्राण आहे तोवरच कोणाला तरी कळवा. ‘जरा बरं नाहीये, जमलं तर बघ’ असल्या मोघम निरोपावर कोणी हलत नाही. नेमकं काय हवं ते लिहा: ‘उलट्या-जुलाब चालू आहेत. ओआरएसची चार पाकिटं दाराबाहेर ठेव, आत येऊ नकोस. दर चार तासांनी फोन कर. लागोपाठ दोनदा उचलला नाही तर किल्लीने उघडून आत ये.’ निरोप धाडल्यावर दाराची आतली कडी काढून ठेवा, नाहीतर त्या किल्लीचा उपयोग शून्य. संडासालाही कडी लावू नका. घेरी येऊन पडायची सगळ्यात मोठी भीती तिथेच, उठून उभं राहताना असते. फोन चार्जिंगला लावून हाताशी ठेवा आणि बादली पलंगाजवळ.

आता पाजण्याचं. ओआरएसच्या पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते छापलेलं असतं. काही पाकिटं एक लिटरची असतात, काही २०० मिलिलिटरची. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून देणं ही नेहमी होणारी चूक आहे. त्याने मीठ फार जास्त होतं, लहान मुलांच्या बाबतीत तर ते धोक्याचं ठरतं. अर्धं पाकीट अर्ध्या पाण्यात हा हिशेबही करू नका, कारण पुडीतली भुकटी सारखी मिसळलेली असेलच असं नाही. बनवलेलं पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

पाकीट मिळेपर्यंत घरी करता येतं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा, आणि वरून सुरीने सपाट केलेला. आधी चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. यातली साखर चवीसाठी नाही. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबातही ही वाट बहुतेक चालू राहते. मात्र साखर फार झाली की उलटंच होतं, आतडं अंगातलं पाणी स्वतःत ओढतं आणि जुलाब वाढतात. गोड सरबतं आणि शीतपेयं म्हणूनच नकोत. नुसत्या साध्या पाण्यावर भागवलं तर रक्तातलं सोडियम घसरतं.

उलटी झाल्यावर दहा मिनिटं काही देऊ नका. मग दर दोन मिनिटांनी एक चमचा. हे हास्यास्पद वाटतं खरं, पण हिशेब करा: तासाला १५० मिलिलिटर पोटात जातं आणि बहुतेक राहतं. तहान लागली म्हणून एका दमात पेला रिकामा केला की ताणलेलं पोट सगळं परत फेकतं, आणि मग ‘त्याला पाणीसुद्धा टिकत नाही’ असं सगळे म्हणू लागतात. तासभर उलटी झाली नाही तर मात्रा दुप्पट करा. उलट्या थांबल्यावर मोठ्या माणसाला प्रत्येक जुलाबामागे साधारण एक पेला, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, त्याहून लहानाला ५० ते १०० मिलिलिटर. अंगावरचं दूध बंद करू नये.

ही चमच्याची चिकाटी आजाऱ्याकडून होत नाही, जवळ बसलेल्याकडूनच होते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं.

एका कागदावर वेळ घालून लिहीत जा: किती प्यायलं, उलटी, जुलाब, लघवी, ताप, कोणतं औषध. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात. त्यातही लघवीवर नजर ठेवा. दर तीन-चार तासांनी फिकट लघवी होत असेल तर पाणी पुरतंय.

औषधांच्या बाबतीत हात आखडता घ्या. जुलाब रोखणारी लोपेरामाइड ताप असताना, रक्त पडत असताना किंवा मुलांना अजिबात नको. गेल्या खेपेची उरलेली प्रतिजैविकं विषाणूवर काही करत नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या पाणी कमी झालेल्या अंगात मूत्रपिंडाला झोंबतात, तापाला पॅरासिटामॉल पुरे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मधुमेहावरची मेटफॉर्मिन चालू असेल तर त्या घ्यायच्या की थांबवायच्या हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, खाणं नसलं तरीही.

यातलं एकही दिसलं तर वाट पाहू नका:
– आठ तासांत लघवी नाही, किंवा उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी
– बरळणं, उठवूनही नीट न उठणं
– शौचात रक्त, डांबरासारखा काळा शौच, हिरवी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी
– ३९ अंश सेल्सिअसवर ताप
– पोटात उजवीकडे खाली जाऊन बसलेलं, वाढत जाणारं दुखणं
– मुलाचे डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, चिमटीत धरलेली कातडी सावकाश सपाट होते

वयस्कर किंवा मधुमेही माणसाला छातीत दाब, घाम आणि मळमळ एकत्र असेल तर ते पोट नसून हृदय असू शकतं. तिथे ओआरएस करत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांच्या बाबतीत वरच्या यादीतलं काही दिसायची वाट न बघता लवकर दाखवा.

सगळं घर आडवं पडायचं नसेल तर सेवा एकाच माणसाने करावी. उलट्या-जुलाबांचा नेहमीचा विषाणू असलेल्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण लावून २० सेकंद हात चोळायलाच हवेत. सांडलेल्या उलटीवर आधी कागद टाकून ती टिपून घ्या, लगेच फडक्याने पसरवू नका. मग ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर घालून तिथे दहा मिनिटं राहू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. संडास साफ करायच्या आम्लात ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. फ्लश करताना झाकण खाली.

भूक लागली की खायला द्या, उपाशी ठेवून काही मिळत नाही. मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा, थोडं थोडं. दूध काही दिवस पचलं नाही तर घाबरू नका, आतड्याचं अस्तर सावरलं की पचू लागतं. सहा महिन्यांवरच्या मुलाला जुलाबात झिंक २० मिलिग्रॅम रोज, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायचं नाही. आणि बरं वाटल्यावरही शेवटच्या जुलाबापासून ४८ तास त्या माणसाला स्वयंपाकाला हात लावू देऊ नका.