कन्सोल सर्व्हरवर कोणाला किती हक्क द्यायचे?

बडोद्यात नेटवर्कच्या नोकरीला लागणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी रॅकमधला कन्सोल सर्व्हर अगदी सुरुवातीलाच दाखवतो. राउटर, स्विच, फायरवॉल यांच्या कन्सोल पोर्टांतून आलेल्या सिरीयल केबली त्यात लागतात आणि एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) आपण त्यातल्या कुठल्याही यंत्रावर पोचतो. बाकी नेटवर्क बसलं की हीच एक वाट उरते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कित्येक भागांत जाताच येत नव्हतं. यूजर आणि हक्क ठरवताना तसा दिवस डोळ्यांपुढे ठेवा.

रोजच्या लॉगिनला प्रत्येकाचं स्वतःचं खातं हवं, तेही मध्यवर्ती सर्व्हरवरून, म्हणजे रेडियस किंवा टॅकॅक्स प्लस (लॉगिन एकाच जागी तपासणारे प्रोटोकॉल) वापरून. सगळ्यांनी मिळून एकच ॲडमिन पासवर्ड वापरला, तर लॉग असूनही कोणी काय केलं ते कळत नाही. पण नेटवर्क पडलं की हा मध्यवर्ती सर्व्हरही गाठता येत नाही, म्हणून एक लोकल, म्हणजे कन्सोल सर्व्हरवरच केलेलं, खातं ठेवावंच लागतं. इथे सेटिंग नीट वाचा. ‘सर्व्हर उत्तरच देत नसेल तर लोकल’ आणि ‘सर्व्हरने नाकारलं तरी लोकल’ हे दोन वेगळे पर्याय आहेत. दुसरा निवडलात तर नोकरी सोडून गेलेला माणूस मध्यवर्ती यादीतून काढल्यावरही जुन्या लोकल खात्याने आत येऊ शकतो. पहिला निवडा आणि तो चालतो का ते तपासा: टॅकॅक्सचं टीसीपी ४९ किंवा रेडियसचं यूडीपी १८१२ पोर्ट मुद्दाम अडवून लोकल खात्याने लॉगिन करून बघा. त्या खात्याचा पासवर्ड मात्र त्याच नेटवर्कवरच्या फाइलमध्ये ठेवू नका.

पोर्टाचे हक्क देताना नवखे बहुतेक वेळा सैल हात ठेवतात. सिस्कोचा राउटर चालू होत असताना कन्सोलवरून ब्रेक सिग्नल पाठवला की रॉममॉन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअर चढण्याआधीचा प्रॉम्प्ट, मिळतो. तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टर (राउटर कसा सुरू व्हायचा ते ठरवणारी सेटिंग) ०x२१४२ केलं की जुनं कॉन्फिगरेशन आणि त्यातला पासवर्ड वगळून राउटर सुरू होतो. म्हणजे ज्याच्याकडे पोर्टही आहे आणि त्याच यंत्राचा वीजपुरवठा पीडीयूवरून (रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणारी पट्टी) बंद-चालू करण्याचा हक्कही, त्याच्याकडे ते यंत्र पूर्ण आहे. हे दोन्ही एकाच बाहेरच्या कंत्राटदाराला देऊ नका. त्याला त्याचं एकच पोर्ट द्या, तेही कामापुरतं. नुसतं बघायचं असेल त्याला वाचण्यापुरता हक्क पुरतो.

आणखी एक. तुम्ही एसएसएच बंद केलंत म्हणून राउटरवरचं सत्र संपलंच असं नाही. पुढचा माणूस त्याच पोर्टावर आला की थेट इनेबलमध्ये (पूर्ण हक्कांच्या मोडमध्ये), आणि राउटरच्या लॉगमध्ये नाव तुमचं. सिस्कोवर कन्सोलचा एक्झेक टाइमआउट (काही टाइप केलं नाही तर सत्र आपोआप बंद होण्याची वेळ) मुळात १० मिनिटांचा असतो. सोयीसाठी तो शून्य, म्हणजे बंदच, करणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही तो १० मिनिटांचाच राहू द्या, आणि उठताना आधी राउटरवर एक्झिट टाइप करा.

सरावाला महागडं काही लागत नाही. जुना लिनक्स पीसी, यूएसबी-सिरीयल केबल, एखादा वापरलेला स्विच. वेग बहुधा ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. पीसीवर कन्सर्व्हर (कन्सोल सर्व्हरचं मोफत सॉफ्टवेअर) बसवा, पॅममधून (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) फ्रीरेडियस या मोफत रेडियस सर्व्हरला जोडा, दोन यूजर करा: एकाला लिहिण्याचा हक्क, दुसऱ्याला फक्त वाचण्याचा. मग फ्रीरेडियस बंद करा आणि कोण आत येऊ शकतं ते बघा.