गाडीचा स्क्रीन हँग होतोय? सेट बदलण्याआधी या चुका टाळा

स्क्रीन अडकतो, फोन जोडला जात नाही, रिव्हर्स टाकला की कॅमेरा काळा. अशी गाडी मुंबईत बऱ्याचदा थेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, गाडीच्या सामानाच्या बाजारात जाते आणि जुना सेट (डॅशबोर्डवरची स्क्रीनवाली म्युझिक सिस्टीम) काढून नवा अँड्रॉइड सेट बसतो. चार दिवसांनी तोच त्रास पुन्हा सुरू होतो, कारण मूळ दोष केबलमध्ये, फोनमध्ये किंवा बॅटरीत असतो. हजारो रुपये असे वाया गेलेले पाहिले की खरंच वाईट वाटतं.

सुरुवात रीस्टार्टपासून करा. बऱ्याच गाड्यांत पॉवरचं किंवा आवाजाचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तुमच्या गाडीत कोणतं बटण, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. फॅक्टरी रीसेट ही वेगळी गोष्ट. त्यात जोडलेले फोन, सेव्ह केलेले पत्ते, सेटिंग्ज सगळं पुसलं जातं, म्हणून ते अगदी शेवटी.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनचे नकाशे आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी जोडणी, मधूनच तुटत असेल तर पहिला संशय केबलवर घ्या. सिग्नलवर विकत मिळणाऱ्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो म्हणून आपण केबलला क्लीन चिट देतो, तिथेच गफलत होते. चांगली, आखूड, डेटा जाणारी केबल लावून बघा. मग टॉर्च मारून फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये डोकवा. खिशातला कापूस आणि धूळ तळाशी दाबून बसलेली असते, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही आणि खड्ड्यात गाडी आदळली की कनेक्शन सुटतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने ती काढा. सुई किंवा टाचणी अजिबात नको.

वायरलेस जोडणीत ओळख ब्लूटूथवर पटते आणि पुढचं काम वायफायवर चालतं. त्यामुळे फोनचं वायफाय बंद ठेवून ब्लूटूथशी झगडण्यात अर्थ नाही. बॅटरी सेव्हर आणि व्हीपीएन बंद करून बघा. जुनी जोडणी फोन आणि गाडी, दोन्हीकडून डिलीट करा. एकाच बाजूने केली तर बऱ्याचदा काम होत नाही.

बॅटरीकडे मात्र कुणी बघत नाही. दादर ते परळ एवढंच रोजचं जाणं-येणं, त्यात एसी, वायपर आणि हेडलाइट चालू. अशा गाडीची बॅटरी धड चार्जच होत नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली येतं आणि सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. साध्या मल्टिमीटरने मोजा: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसायला हवं. ते दिसत नसेल तर आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासून घ्या.

सेट पूर्ण मेला असेल तर फ्यूज बघा. जळालेल्या १५ अँपिअरच्या जागी १५ चाच बसतो. ‘पुन्हा जळायला नको’ म्हणून २५ चा घातला तर फ्यूज वाचेल आणि वायर तापेल. गाड्यांना आग लागण्याचं हेही एक कारण असतं, कृपया हा प्रयोग करू नका.

रिव्हर्स कॅमेरा कधी दिसतो, कधी नाही? डिकी उघडा आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी तपासा. डिकीच्या रोजच्या उघडझापीने त्या तिथेच तुटतात. रिव्हर्सचा दिवाही लागत नसेल तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी रिव्हर्स स्विच आणि त्याची वायरिंग बघा. कॅमेऱ्याला सिग्नल बहुतेक वेळा तिथूनच मिळतो.

एफएमला खरखर येत असेल तर डॅशकॅमचा स्वस्त चार्जर काढून बघा. कोस्टल रोडच्या बोगद्यात नकाशातली गाडी थबकली तर तो बिघाड नव्हे, सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या त्या बोगद्यात जमिनीखाली उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही.

हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी गाडीच्या आत शिरलं असेल तर स्क्रीन चालतो का हे बघायलाही चावी फिरवू नका. ओल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) करंट गेला की पिना गंजतात आणि दुरुस्तीचा खर्च कैकपट वाढतो. गाडी टो करून न्या, कार्पेट उचलून वायरिंग सुकवून घ्या.

सर्व्हिस सेंटरला जाताना बिघाडाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण तिथे पोचल्यावर सेट हमखास नीट चालतो. उन्हात तापल्यावर की सकाळी पहिल्यांदा, एसी चालू असताना की बंद, हेही सांगा. आणि बाहेर नवा सेट बसवायचाच असेल तर मूळ वायरी कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर मागा. तो नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. कापलेल्या वायरिंगवर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.